भाताचं ताट, विम्याची अट

भंडारा जिल्ह्यात भात दोन्ही वेळा ताटात असतो. तो कमी करून वजन उतरवू पाहणाऱ्याची धडपड क्वचितच कागदावर येते.

विमा नियामकाच्या २०१९च्या नियमांनुसार लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक) किमान ४० हवा. अनियंत्रित मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर ३५ चालतो, पण आहार कमी करण्यासारखे आधीचे सौम्य उपाय फसलेले असावे लागतात.

ते फसले, हे दाखवायचं कशावरून?

आंतरराष्ट्रीय शल्यविशारद संघटनांनी २०२२मध्ये आशियाई रुग्णांसाठी ही मर्यादा २७.५ सुचवली. पॉलिसींतले जुने आकडे बदलायलाच हवेत. तोवर लाखनी, साकोली, पवनीच्या सरकारी दवाखान्यांनी लठ्ठ मधुमेही रुग्णाचं वजन आणि आहार दरमहा लिहून, तो कागद सहीशिक्क्यानिशी त्याच्या हाती द्यावा. नागपूरला शस्त्रक्रियेसाठी जाताना दाव्याला तोच कागद जोडता येईल.