आठवीच्या वर्गातला ताप

"कामून रे उशीर?" मी विचारले. आठवीतला तो मुलगा दारातच उभा होता. म्हणाला, "सर, रातच्या लाइनला मोटर चालू कराया गेलतो. एक फेज नव्हती, स्टार्टर उचलंना. मंग कळलं, डीपीवरचा फ्यूज गेलाय." "बस खाली," म्हणून मी फळ्याकडे वळलो आणि इंग्रजीतल्या कर्तरी प्रयोगाचा कर्मणी करू लागलो. रामाने रावणाला मारले. रावण रामाकडून मारला गेला.

जिंतूर तालुक्यातल्या एका हायस्कुलातून मी इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. लंकेत रावण एकदाच मेला असेल. माझ्या वर्गात तो दरवर्षी दोन्ही प्रयोगांत मरत असे. त्या मुलाच्या तोंडून एका दमात लाइन, मोटर, फेज, स्टार्टर, डीपी, फ्यूज असे सहा इंग्रजी शब्द आले होते आणि सहाही त्याला नेमके कळत होते, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. 'मोटर बंद आहे' एवढेच इंग्रजीत सांग म्हटले असते, तर तो खाली मान घालून उभा राहिला असता.

२००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी होऊन हायस्कुलात येणारे मूल सात वर्षे इंग्रजी शिकलेले असते. सात वर्षांत माणूस परक्या गावात संसार थाटतो! आमचे मूल आठवीत शिकते ते एवढेच, की प्रश्नातला शब्द धड्यात कोठे आहे ते हुडकायचे आणि ती ओळ उतरवून काढायची. धडा न कळताही उत्तर बरोबर येते. पुढे दहावीला पस्तीस गुण पडले की विषय 'निघाला'.

याहून वाईट गोष्ट रजेच्या अर्जाची. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे कापूस फुटतो आणि वर्ग अर्धा रिकामा होतो. वेचणी करून परतलेल्या प्रत्येकाच्या अर्जात ताप असे, कारण गाइडातला नमुना तापाचा होता. एका मुलीने एकदा विचारले, "सर, कापूस येचायला इंग्रजीत काय म्हणत्यात?" तिच्या बोटांवर बोंडांचे ओरखडे होते. मी म्हणालो, "ते पेपरात येत नाही. ताप लिही." तिने ताप लिहिला. स्पेलिंग चुकले नव्हते म्हणून मी शाबासकीही दिली.

माझे आजोबा निजामी अमदानीत उर्दूतून शिकले. त्या सक्तीचे गोडवे मला गायचे नाहीत; शाळेचे दार तेव्हा थोड्यांनाच उघडे होते. पण बांधाच्या भांडणाचा अर्ज ते स्वतः उर्दूत लिहीत. भाषा परकी, गाऱ्हाणे मात्र स्वतःचे.

आठवीचा पहिला महिना पुस्तक मिटून ठेवावे, असे मला आता वाटते. मुलांनी शेतातले, एसटी स्टँडवरचे, दवाखान्यातले इंग्रजी शब्द आणावेत, ते फळ्यावर लिहावेत, त्यांची वाक्ये करावीत. रजेचा अर्ज खऱ्या कारणाचा लिहावा. व्याकरण चुकेल, चुकू द्यावे. माझे शिक्षक मित्र विचारतात, मग पोर्शन कधी संपवायचा? पोर्शन वेळेत संपवण्यात माझा हात कोणी धरला नाही. त्या मुलीचे उत्तर तेवढे द्यायचे राहिले आहे.