फॉन्ट मुक्त आहे, नाव नाही

‘फॉन्ट फुकट दिलाय ना, मग नाव बदलायची सक्ती कशाला?’ डीटीपीवाल्या मंडळींच्या तोंडी हा प्रश्न वरचेवर असतो. माझं म्हणणं, सक्ती हवीच.

ओपन फॉन्ट लायसन्सची १.१ आवृत्ती २००७ची. वापरा, वाटा, पुस्तकं छापा, अक्षरं पाहिजे तशी बदला, कोणी अडवत नाही. कर्त्याने नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या फॉन्टला तेवढं ते देऊ नका. यात जाच कुठला आला?

आता बघा काय होतं. वर्डच्या फाइलसोबत सहसा फॉन्ट जात नाही, त्याचं नाव जातं. तुम्ही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श बसवले, नाव जुनंच ठेवलं. छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर त्याच नावाचा मूळ फॉन्ट आहे. प्रुफात एक ल, छापून आला दुसराच! कॉम्प्युटर चूक दाखवणार नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही एकच. आणि शिव्या कोणाला? ज्याने फुकट दिला त्याला. युनिकोडच्या आधीचा फॉन्टचा गोंधळ ज्यांनी भोगलाय, त्यांनी तरी हे नव्याने सुरू करू नये.

नाव बदलल्याने कोणाचं अडलंय असंही नाही. बिटस्ट्रीम व्हेरा २००३मध्ये खुला झाला, पण सुधारित फॉन्टच्या नावात ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘व्हेरा’ नको ही अट होती. लोकांनी त्यात भर घालून देजावू केला आणि तो लिनक्सवर घरोघरी पोचला. लाटोवरून कार्लिटो झाला, तो कॅलिब्रीच्या मापात बसतो. ॲडोबीचा ‘सोर्स’ शब्द राखीव, म्हणून नर्ड फॉन्ट्सवाल्यांनी ‘सोर्स कोड प्रो’चा ‘सॉस कोड प्रो’ केला. (थट्टा आहे, पण नियमात बसणारी.) आपल्याकडचंच बघा. आयआयटी मुंबईच्या शोभिकेतली देवनागरी राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रेवरून घेतलेली. नाव वेगळं, श्रेय शाबूत.

एक तक्रार मात्र रास्त आहे. वेबसाइटसाठी फॉन्टमधली नको ती अक्षरं काढून टाकली तरी तो ‘बदल’ ठरू शकतो. म्हणूनच गूगल फॉन्ट्स कर्त्यांना नाव राखीव ठेवू नका असं सांगतं. ते ठीक. पण नाव राखायचं की नाही हे कर्ता ठरवणार, आपण परस्पर नाही.

याउलट काही महाभाग नाव बदलतात आणि सोबत कॉपीराइटची ओळही उडवतात, वर तोच फॉन्ट सुटा विकतात. दोन्ही गोष्टींना लायसन्समध्ये मनाई आहे. ही सरळ चोरी.

आणि हो, फाइलचं नाव बदलून भागत नाही. फॉन्टफोर्जमध्ये फॉन्ट उघडा, ‘फॉन्ट इन्फो’त जाऊन फॅमिली नेम, पूर्ण नाव आणि पोस्टस्क्रिप्ट नाव तिन्ही बदला. मूळ कर्त्याची ओळ तशीच ठेवा, खाली आपली जोडा. पाच मिनिटांचं काम आहे.