रबराचे माप
पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंतच्या दुकानांतून कानात बसवावयाच्या इअरफोनांची जी चिकित्सा विक्रेते आणि गिऱ्हाईक मिळून करीत असतात, ती बहुधा ‘बेस’च्या एकाच कलमावर निकालात निघते, वस्तुतः हा मंद्र नाद जितका यंत्राच्या, तितकाच कानाच्या मुखाशी बसणाऱ्या त्या क्षुल्लक रबराच्या स्वाधीन असतो. रबर मापाने लहान पडले, की फटीतून खर्ज निसटतो आणि उत्तम पखवाजही रिकाम्या डब्यासारखा वाजतो; मोठे पडले, तर नाद भरदार, परंतु थोड्याच वेळात कर्णनलिका आपली फिर्याद गुदरते. दाबून घातल्यावर आत फुगून नलिकेचा आकार घेणारे फोमचे टोक, उच्च स्वरांची धार किंचित बोथट करीत असले आणि लवकर झिजत असले, तरी दीर्घ श्रवणासाठी मी त्याचीच शिफारस करीन. कारण बाहेरचा कोलाहल अडला, की आवाज चढविण्याची गरज उरत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्यास 80 डेसिबलचे 40 तास एवढीच मर्यादा घातलेली आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्यातील कमानदार छताखाली स्वर चहूंकडून परत येतो, तो अनुभव मात्र या जिनसांकडे मागू नये. उलट कान असे बंद झाले, म्हणजे स्वतःचीच पावले व चर्वण आत घुमू लागतात. चिवडा खाताना तर गायकापेक्षा दातच वरचढ ठरतात.