मैदानावरून उतरलेली जर्सी

पोस्टाची तिकिटे व जुनी नाणी जमविणारे विद्यार्थी प्रत्येक शाळेत असतात, व त्यांच्या नादास आपण सारेच कौतुकाने छंद म्हणतो. परंतु यंदाच्या छंद-प्रदर्शनात शिळफाट्यास राहणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याने हॉकीच्या दोन वापरलेल्या जर्सी व तिसरीचा अर्धा तुकडा मांडला, तेव्हा पाहुण्यांपैकी पुष्कळांनी नाके मुरडली. एका जर्सीची बगल उसवून जाड पांढऱ्या दोऱ्याने पुन्हा शिवलेली. दुसरीच्या खांद्यावर तांबड्या मातीचा डाग. ‘निदान धुऊन तरी आणावयाच्या होत्या,’ असे एक बाई म्हणाल्या. त्यावर तो मुलगा संकोचाने एवढेच बोलला, ‘बाई, डाग गेला तर मग ती दुकानातली जर्सी होईल.’ पाहुणे हसले. आम्हांस मात्र हे उत्तर विचार करण्याजोगे वाटले, व त्या मुलाची बाजू घेण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

या जर्सी कोणा जगप्रसिद्ध खेळाडूच्या नव्हेत. शिळफाट्यासच राहणारे एक गृहस्थ तरुणपणी खोपोलीहून पहाटेची गाडी धरून मुंबईस नोकरीला जात व कचेरीच्या संघातून हॉकी खेळत. आमच्या विद्यार्थ्याचे ते आवडते खेळाडू. कारण काठी धरावयास त्यांनीच त्याला शिकविले. शिळफाटा म्हटला की लोकांस मुंबई-पुणे रस्त्यावरील मोटारींची वर्दळ तेवढी आठवते. पण बोरघाटाच्या पायथ्याचे हे गाव एका बाजूस खडकी व दुसऱ्या बाजूस मुंबई, अशा हॉकीच्या दोन जुन्या घरांच्या मधल्या वाटेवर आहे, ही गोष्ट आमच्यातील किती जणांच्या ध्यानी येते?

खडकीचे नाव निघाले म्हणजे धनराज पिल्ले यांचे नाव आलेच. १९६८ साली खडकीत जन्मलेल्या या खेळाडूचे वडील तेथील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करीत. मोडक्या काठ्या दोरीने बांधून व इतरांनी टाकून दिलेल्या चेंडूंनी ही भावंडे त्या धुळीच्या मैदानावर खेळावयास शिकली. पुढे मुंबईस येऊन धनराज चार ऑलिंपिक व चार विश्वचषक स्पर्धा खेळले, व १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळविले. ज्या घरात मोडकी काठीही टाकली जात नाही, त्या घरात जुनी जर्सी काचेच्या कपाटात कशी जाणार? ती धाकट्याच्या अंगावर जाते, मग त्याच्याहून धाकट्याच्या, आणि शेवटी तिचे पोतेरे होते. आमच्याकडे असे संग्रह थोडे आढळतात, त्याचे कारण लोकांस खेळाची चाड नाही हे नव्हे. कापड वाया घालविणे आम्हांस परवडत नव्हते, हे आहे. यात लाजण्याजोगे काहीच नाही, परंतु त्यामुळे पुष्कळ काही हरवले हे मान्य केले पाहिजे.

सामन्यात प्रत्यक्ष अंगावर असलेली जर्सी, संघाने खेळाडूस दिलेली पण न वापरलेली जर्सी, आणि चाहत्यांसाठी दुकानात टांगलेली जर्सी, या तीन वस्तू दिसावयास सारख्या असल्या तरी जातीने वेगळ्या आहेत. जाणकार संग्राहक सामन्याचे छायाचित्र शेजारी ठेवून पहिली ओळखतात. पाठीवरच्या आकड्याची कड कोठे उचलली आहे, शिवण कोठे वळली आहे, डागाची आकृती जुळते की नाही, असे बारकाईने ताडून पाहतात. कॅनडा व अमेरिका या देशांत बर्फावरच्या हॉकीच्या जर्सी जमविणाऱ्यांचा वर्गच आहे. त्या जर्सीस पाठीमागे आतून एक पट्टी शिवलेली असते. ती विजारीस अडकविली म्हणजे हाणामारीत प्रतिस्पर्ध्यास ती डोक्यावरून ओढता येत नाही. (हाणामारीची इतकी पूर्वतयारी करणारा खेळ आमच्या मुलांनी न शिकला तरी चालेल!) ती पट्टी ताणलेली आहे काय, बाहीवर रबरी चकतीच्या घर्षणाचे काळे ओरखडे आहेत काय, हेही ते पाहतात. जो डाग पाहून आमच्या पाहुण्यांनी नाक मुरडले, तोच तेथे साक्षीदार ठरतो.

या छंदावर मोठा आक्षेप घेतात तो पैशाचा, व तो अगदीच खोटा नाही. १९७२ साली मॉस्को येथे सोव्हिएत संघाविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात अवघे ३४ सेकंद उरले असता कॅनडाच्या पॉल हेंडरसन यांनी निर्णायक गोल केला. त्या वेळी अंगावर असलेली जर्सी त्यांनी संघाच्या एका सेवकास देऊन टाकली. २०१० साली तिचा लिलाव झाला, तेव्हा ती दहा लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेली. घेणारा कॅनडाचाच होता व त्याने ती गावोगाव नेऊन लोकांस दाखविली, हे त्याचे भूषण. तरीही जेथे डागास किंमत येते तेथे खोटे डाग पाडणारेही येतात, आणि ज्याच्या खिशात पैसा त्याच्याच भिंतीवर इतिहास टांगला जातो. आमच्या विद्यार्थ्याने आपल्या वस्तूंस एक पैसाही दिलेला नाही. त्याने त्या मागून घेतल्या. आणि मागून घेण्यासाठी त्या गृहस्थांच्या ओसरीवर कित्येक संध्याकाळी बसून जुन्या सामन्यांच्या गोष्टी ऐकल्या. आमच्या मते संग्रहाची खरी किंमत ती.

‘असल्या वस्तू सरकारने सांभाळाव्यात, मुलांनी कशाला?’ असे म्हणणारेही आम्हांस भेटले. त्यांस आम्ही बलबीरसिंग यांची हकीकत सांगतो. १९४८, १९५२ व १९५६ अशा लागोपाठ तीन ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघांत ते होते. १९५२ च्या अंतिम सामन्यात भारताच्या सहा गोलांपैकी पाच एकट्या त्यांचे. १९५६ साली मेलबर्न येथे कर्णधार या नात्याने त्यांनी घातलेला कोट, ३६ पदके व शंभरावर छायाचित्रे त्यांनी १९८५ साली नियोजित संग्रहालयासाठी भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या हवाली केली. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकच्या वेळी त्या वस्तूंची आठवण निघाली, तेव्हा त्या सापडेनात. वृद्धापकाळी ते व त्यांचे कुटुंबीय त्यांचा पाठपुरावा करीत राहिले. २०२० च्या मे महिन्यात ते निवर्तले, तोवर त्या परत मिळाल्या नव्हत्या. ज्याने मोठ्या विश्वासाने सर्वस्व दिले त्यास शेवटी रिक्त हस्ताने जावे लागले, याहून दुःखाची गोष्ट कोणती? वस्तू कोणाच्या हाती आहे, मोठ्या संस्थेच्या की शाळकरी पोराच्या, यावर सारे अवलंबून नाही. तिची नोंद ठेवणारा व ती नोंद अधूनमधून उघडून पाहणारा कोणी आहे की नाही, यावर आहे.

याच कारणास्तव त्या विद्यार्थ्याकडेही आमची एक तक्रार होती. त्याने जर्सी मांडल्या खऱ्या, पण शेजारी एक चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. कोणाची, कोणत्या संघाची, कोणत्या साली, कोणाविरुद्ध, हे सारे त्याच्या तोंडी होते. आणि तो पाणी प्यावयास गेला की टेबलावर केवळ तीन चिंध्या उरत. आम्ही त्याला प्रयोगवहीतील कोरी पाने दिली व त्या गृहस्थांकडे पुन्हा पाठविले. शाळेच्या वाचनालयातील एक कपाट या कामी मिळावे, आणि आमच्या स्वतःच्या संघातून खेळून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने आपली शेवटच्या सामन्याची जर्सी, न धुता, चिठ्ठीसह त्यात ठेवावी, अशी विनंतीही आम्ही मुख्याध्यापकांस केली आहे. कसरीपासून कापड वाचविण्याची विद्या घरोघरी ठाऊक असल्यामुळे तिच्याविषयी अधिक लिहीत नाही.

आठ दिवसांनी विद्यार्थी पाने भरून घेऊन आला. पहिल्या जर्सीपुढे साल, स्पर्धा व गोलसंख्या होती. दुसरीपुढे त्या गृहस्थांनी बराच वेळ आठवून पाहिले व अखेर प्रामाणिकपणे ‘सामना आठवत नाही, पावसाळ्यातला’ असे लिहविले. तिसरीच्या तुकड्यापुढे मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते : ‘अर्धी. बाकीची अर्धी घरी मोटारसायकल पुसण्यात गेली. मी उशिरा मागितली.’