वाट पाडली बूनने, किंमत मोजली घराने

सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला भर उन्हात टेप धरून उभं राहिलं की वाटतं, यात कसला आलाय थरार! पण मित्रांनो, अमेरिकेचा लाडका हीरो डॅनियल बून हासुद्धा शिकारी आणि सर्व्हेअरच होता. १७७५ साली कंबरलँड गॅपमधून केंटकीकडे जाणारी वाट त्याने पाडली आणि तो अजरामर झाला.

मान्य. पण किंमत कोणी मोजली?

१७५६ मध्ये त्याचं रिबेका ब्रायनशी लग्न झालं. पुढे दहा मुलं. हे साहेब शिकारीला गेले की महिनोन्‌महिने पत्ता नाही. शेती, गुरं, पोरं, सगळं तिच्याच अंगावर. १७७३ मध्ये थोरला जेम्स हल्ल्यात मारला गेला. १७७६ मध्ये जेमायमाला पळवलं, नशिबाने ती सुटली. १७८२ मध्ये इस्रायल लढाईत पडला. हल्लेखोरांना 'रानटी' म्हणून मोकळं होऊ नका हं! शॉनी, चेरोकी लोकांची ती पिढीजात शिकारीची रानं होती.

एवढं करून मिळालं काय? कागदपत्रं कच्ची निघाल्यामुळे बूनच्या केंटकीतल्या जमिनी कोर्टकचेऱ्यांत गेल्या. १७९९ साली, पासष्टीच्या घरात, बिऱ्हाड पुन्हा मिसुरीला. १८१३ मध्ये रिबेका तिथेच वारली.

बूनचे पुतळे खुशाल उभारा. पण रिबेकाला आणि शॉनींना वगळून त्याची गोष्ट सांगणं म्हणजे मधली स्टेशन्स गाळून ट्रॅव्हर्स क्लोज झाला म्हणणं. सर शून्य मार्क देतील. इतिहासात मात्र आपण फुल मार्क देतो!