नवी कोरी, पण तास किती?



गेल्या शुक्रवारी गुदैबियातल्या एका दुकानातून ४ टेराबाइटची हार्ड डिस्क घेतली, ३० दिनारला. दुकानदार म्हणाला, "भाईसाब, एक कस्टमर वापस कर गया, चलाया ही नहीं." पाकीट चकचकीत, स्टिकरवर ओरखडा नाही. मोह झाला.

डिस्क हवी होती बाबांच्या पेटीवादनासाठी. कीर्तनाला ते साथ करायचे. त्यांच्या कॅसेटी मागे एका सुट्टीत मी संगणकावर उतरवून आणल्या होत्या. मूळ कॅसेटी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या घरात पाणी शिरलं तेव्हा गेल्या. उरली एकच प्रत, माझ्या जुन्या लॅपटॉपवर, आणि तो हल्ली करकर करतो.

घरी येऊन क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकटचा प्रोग्रॅम लावला. 'पॉवर ऑन अवर्स' ३ तास. झकास! पण डिस्क जोडताना बघतो तर बाजूच्या स्क्रूच्या भोकांत घासल्याच्या खुणा. तीन तासांत एवढ्या?

मग २०२५ च्या जानेवारीतली बातमी आठवली. जर्मनीतल्या 'हाइझे'ने उघडकीला आणलं होतं की सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या जाताहेत. २०२१ मध्ये चिया नावाचं आभासी चलन आलं. ते मिळवायला डिस्कवरची मोकळी जागा लागायची, म्हणून लोकांनी ढिगांनी डिस्क घेतल्या. भाव पडल्यावर त्याच बाजारात आल्या असाव्यात, असा संशय होता. कंपनीने आपण त्या विकल्या नाहीत असं सांगितलं. कुणीतरी मधल्यामध्ये तासांचा आकडा शून्यावर आणला होता. जुन्या गाडीचा मीटर मागे फिरवतात ना, तसंच.

पण सीगेटच्या डिस्कमध्ये 'फार्म' नावाची दुसरी नोंदवही असते. मीटर फिरवणाऱ्यांनी तिला हात लावला नव्हता. माझी डिस्कही सीगेटचीच. स्मार्टमॉनटूल्सची ७.४ किंवा नंतरची आवृत्ती ही वही वाचते. वाचली. २६,४१२ तास! वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे तीन वर्षं अहोरात्र राबलेली डिस्क मी बाबांसाठी घेऊन आलो होतो.

तर मंडळी, डिस्क घेताना एवढं करा:

१. स्टिकरवरचा सीरियल नंबर आणि प्रोग्रॅममध्ये दिसणारा नंबर एकच आहे ना, ते बघा. तोच नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी तपासा. पाच वर्षांच्या डिस्कची दोनच उरली असतील तर समजून जा.

२. तासांबरोबर 'रिअ‍ॅलोकेटेड' आणि 'पेंडिंग सेक्टर' हे आकडेही बघा. दोन्ही शून्य हवेत.

३. सीगेट असेल तर फार्म वाचा. तास जुळले नाहीत तर डिस्क वापरलेली. जुळले म्हणून नवीच, असं मात्र छातीठोक म्हणता येत नाही. तीही वही कुणी पुसू शकतो.

४. काही भरण्याआधी पूर्ण लांब टेस्ट लावा. ४ टेराबाइटला सात-आठ तास सहज जातात. रात्री लावून झोपा.

५. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. हे सगळ्यात महत्त्वाचं.

शनिवारी प्रिंट घेऊन दुकानात गेलो. त्याने दोनदा वाचली, बिलावरचा नंबर ताडून बघितला आणि गल्ल्यातून ३० दिनार काढून दिले. म्हणाला, "अभी बाकी दस पीस भी देखना पड़ेगा." बिचाराही फसलाच होता बहुतेक.

वापरलेली डिस्क वाईटच असं नाही. तास खरे सांगून, त्या भावात दिली तर सिनेमे ठेवायला घ्या की. घरातली एकुलती एक प्रत तिच्यावर नको, एवढंच.

मी शेवटी सीलबंद दोन घेतल्या, दोन्ही तपासून. एक इथे कपाटात. दुसरी दिवाळीला सांगलीला जाईल. आईला सांगून ठेवलंय, माळ्यावर ठेव, खाली नको.