जनुक बदलता येत नाही, पण…

उतारवयातील विस्मरण म्हणजे म्हातारचळ, त्याला इलाज नाही, असे मानून आपल्याकडील बहुतेक कुटुंबे स्वस्थ बसतात. या जुन्या दैववादाला आता जनुकशास्त्राचा नवा आधार मिळू लागला आहे. ‘आमच्या घराण्यातच आहे’ हे वाक्य पूर्वी नशिबाला उद्देशून म्हटले जाई. आता ते जनुकांना उद्देशून म्हटले जाते.

‘एपीओई-४’ हा जनुकप्रकार आणि अल्झायमर यांचा संबंध १९९३ मध्ये स्पष्ट झाला. आई-वडिलांपैकी एकाकडून तो आला तर धोका सुमारे तिपटीने, दोघांकडून आला तर आठ ते बारा पटींनी वाढतो. मात्र हे प्रमाण मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासांतून काढलेले आहे. शिवाय हा प्रकार असूनही अनेकांची स्मृती शाबूत राहते आणि नसलेल्यांनाही आजार जडतो. तेव्हा जनुक म्हणजे जोखीम, निकाल नव्हे.

देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत आणि ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आहे. मराठवाड्याने याचा गांभीर्याने विचार करायला हवा. आज ऐंशीच्या घरात असलेल्या पिढीचे बालपण निजामी राजवटीच्या अखेरीस व त्यानंतरच्या काही वर्षांत गेले. तेव्हा खेड्यांत शाळा विरळ होत्या आणि मुलींसाठी तर त्या जवळपास नव्हत्याच. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी चौदा कारणे नोंदवली. त्यांत अल्पशिक्षणाबरोबरच उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, अधू दृष्टी आणि एकाकीपणा यांचाही समावेश आहे. या साऱ्यांवर मात केल्यास सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा आयोगाचा अंदाज आहे.

नांदेडलगतच्या विष्णुपुरी परिसरात डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही. औषधे आणि मनुष्यबळाची वानवा २०२३ मधील रुग्णमृत्यूंच्या वेळी चर्चेत आली होती. अशा ठिकाणी महागड्या जनुकचाचण्यांची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. रक्तदाब, साखर, कान आणि डोळे यांच्या तपासणीस मात्र मोठी यंत्रणा लागत नाही. निरक्षरांनाही देता येईल अशी मराठी स्मृतिचाचणी तिला जोडणे, हे या दोन संस्थांनी मिळून करण्याजोगे काम आहे. पूर्वजांकडून आलेले जनुक कोणालाच बदलता येणार नाही; पण आजीचा वाढलेला रक्तदाब वेळीच मोजता येईल.